मुंगीची चतुःसीमा : नवी जात ठरते तरी कशी?

मे 2024 च्या अखेरीस अरुणाचल प्रदेशातून एक बातमी आली आणि दोन दिवसांत ती मोबाइलवरून खान्देशातही पोचली. सियांग खोऱ्यात, यिंगकू गावाजवळ, जमिनीपासून दहाएक फुटांवरच्या झाडाच्या ढोलीत निळी मुंगी सापडली. लांबी दोन मिलिमीटरहून कमी आणि अंगाला धातूसारखी चकाकी. बंगळुरूची पर्यावरणावर संशोधन करणारी अ‍ॅट्री संस्था आणि फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिचं नाव ठेवलं पॅरापॅराट्रेकिना नीला.

त्यानंतर यावलच्या जंगलातून, पालच्या घाटातून, तोरणमाळच्या पठारावरून मुंग्यांचे फोटो फिरू लागले. कुणाची मुंगी सोनेरी, कुणाची अर्धी लाल अर्धी काळी. प्रश्न एकच : ही पण नवी का?

प्रश्न चांगला आहे. पण फोटो बघून त्याचं उत्तर देता येत नाही. निळी मुंगी सापडली 2022 साली आणि नाव छापून आलं 2024 साली. मधल्या काळात काय करावं लागतं, ते नीट समजून घेऊ.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

वर्तमानपत्रं 'प्रजाती' हा शब्द कशालाही वापरतात, त्यामुळे गोंधळ होतो. इथे दोनच शब्द वापरू. आपसात वीण होऊन पुढे तशीच पिल्लं होणाऱ्या जिवांचा गट म्हणजे 'जात'. जवळच्या नात्यातल्या जातींचं घराणं म्हणजे 'वंश'. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं. पॅरापॅराट्रेकिना हे वंशाचं नाव आणि नीला हे जातीचं. आपल्या अंगणातला मोठा काळा मुंगळा, ज्याला कुणी डोंगळा म्हणतं तर कुणी मकोडा, त्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. हे जातीचं नाव फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने 1787 साली दिलं. गावोगावची नावं बदलतात. हे नाव धुळ्यात, ढाक्यात आणि डेन्मार्कमध्ये एकच असतं.

जगात आजवर चौदा हजारांहून जास्त मुंग्यांच्या जातींना नावं मिळाली आहेत, त्यातल्या आठशेहून जास्त भारतात आढळतात. म्हणजे आपल्या हातातली मुंगी 'नवी' म्हणायची तर आधी त्या वंशातल्या सगळ्या जुन्या जातींशी ती ताडून बघायला हवी. कामाचा मोठा भाग इथेच जातो.

दहापट भिंग घ्या आणि कंबर बघा

रंग सगळ्यात शेवटी बघायचा. एकाच वारुळातली कोशातून नुकती बाहेर आलेली मुंगी फिकट असते, आठवड्याने गडद होते, आणि अल्कोहोलमध्ये वर्षभर राहिली की पुन्हा उतरते. हाडापेराची ठेवण मात्र बदलत नाही.

पहिली खूण कंबर. छाती आणि पोट यांच्या मधल्या बारीक भागावर गाठी असतात. गाठ एक आहे की दोन? मुंगळ्याला एक. चावली की आग आग होते त्या बारीक लाल मुंगीला दोन. एवढ्या एका प्रश्नात कितीतरी वंश बाजूला पडतात.

दुसरी खूण पोटाचं टोक. तिथे नांगी आहे, आडवी चीर आहे, की भोवती केसांची झालर असलेलं गोल भोक? गोल भोक म्हणजे फॉर्मिक आम्ल फवारणारं उपकूळ, म्हणजे जवळच्या वंशांचा मोठा गट. मुंगळा आणि निळी मुंगी दोन्ही याच उपकुळातल्या. यांना नांगी नसते.

तिसरी खूण मिशा, आणि इथे घाई चालत नाही. मुंगीची मिशी कोपरासारखी वाकलेली असते. डोक्याला जोडलेला लांब भाग म्हणजे दांडा, आणि त्यापुढे मण्यांच्या माळेसारखी पेरं. दांडा धरून पेरं मोजायची. त्या चावऱ्या लाल मुंगीची दहा भरली आणि शेवटची दोन पेरं फुगून गदेसारखी झाली असतील, तर वंश सोलेनॉप्सिस. बारा भरली, शेवटची तीन फुगीर आहेत आणि त्याच रांगेत अंगापेक्षा डोकं मोठं असलेल्या काही शिपाई मुंग्या फिरताहेत, तर बहुतेक फेडोले. नुसत्या डोळ्यांना दोन्ही 'लाल मुंग्या'च दिसतात.

एका पेराने काय फरक पडतो? 2020 साली पंजाबी विद्यापीठाच्या हिमेंदर भारती यांच्या गटाने ऊसेरिया वंशातल्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातली एक, ऊसेरिया जोशीआय, केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातली आहे. या वंशात तोवर आठ, नऊ किंवा अकरा पेरांच्या मिशा माहीत होत्या. या दोन्ही जातींची दहा भरली. दुसरीचं नावच डेकामेरा, म्हणजे दहा भागांची. पेरियारच्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या त्या मुंगीची ओळख एका पेरावर उभी आहे.

मोजमाप, आणि ते कुठे चुकतं

खुणा जुळल्या की माप घ्यायचं. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्याच्या डोळा लावायच्या भिंगात बसवलेली बारीक मोजपट्टी. निदान चार मापं घेतात : डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मिशीच्या दांड्याची लांबी, आणि छातीची तिरपी लांबी. पूर्ण अंगाची लांबी बातमीत येते, पण अभ्यासक तिच्यावर भिस्त ठेवत नाहीत. पोटभर साखरपाणी प्यालेल्या मुंगीचं पोट फुगतं, उपाशी मुंगीचं आत जातं, मेल्यावर अंग वाकतं. छाती मात्र टणक असते, ती ना फुगते ना आक्रसते.

मापांवरून गुणोत्तर काढतात. समजा डोक्याची रुंदी 0.54 मिमी आणि लांबी 0.60 मिमी आहे. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की आलं 90. दुसरी मुंगी थोराड आहे, 0.72 आणि 0.80, तरी उत्तर 90. म्हणजे आकारमान वेगळं असलं तरी ठेवण एकच. पण फेडोलेसारख्या वंशात शिपाई आणि कामकरी यांची ठेवणच वेगळी असते, तिथे दोघांची मापं वेगवेगळी मांडावी लागतात. म्हणून एकाच वारुळातल्या लहानमोठ्या अशा बऱ्याच मुंग्या मोजायच्या.

चुका दोन ठिकाणी होतात. डोकं किंचित पुढे झुकलं तरी लांबी कमी भरते. त्यामुळे डोक्याची पुढची कड आणि मागची कड एकाच वेळी स्पष्ट दिसेपर्यंत मुंगी जिच्यावर चढवली आहे ती टाचणी फिरवत राहायची. दुसरी चूक पट्टीची. सूक्ष्मदर्शकाचं झूम बदललं की पट्टीच्या एका घराची किंमत बदलते. ती प्रत्येक झूमला प्रमाणित काचपट्टीवर ताडून लिहून ठेवली नाही, तर सगळी वही वाया.

बाटलीतली चिठ्ठी

मुंगी गोळा करणं सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त नमुने इथेच मातीमोल होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

जमिनीवर फिरणाऱ्या मुंग्यांसाठी प्लास्टिकचा पेला मातीत असा पुरतात की काठ जमिनीच्या बरोबर येईल. काठ अर्ध्या सेंटिमीटरने जरी वर राहिला, तरी मुंगी वळसा घालून निघून जाते. आत थोडं पाणी आणि साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी बुडते. 48 तासांनी पेला काढतात. वरून पत्र्याचा तुकडा आडोशाला ठेवला नाही, तर पहिल्या सरीत सगळं वाहून जातं.

पालापाचोळ्यातल्या मुंग्यांची पद्धत वेगळी. एक चौरस मीटर जागेतला पाला जाड चाळणीतून चाळून घेतात आणि खाली पडलेला भुगा जाळीच्या पिशवीत भरून कापडी झोळीत टांगतात. भुगा वाळू लागला की मुंग्या ओल शोधत जाळीबाहेर येतात आणि खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. यालाही दोन दिवस लागतात. जगभर ठरलेली पद्धत अशी की 200 मीटरच्या रेषेवर दर दहा मीटरला एक पेला आणि एक चौरस मीटर पाला, म्हणजे वीस अधिक वीस नमुने. सगळे एकाच मापाने काम करतात, म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचं जंगल आणि पेरियारचं जंगल यांची तुलना करता येते. सातपुड्यात हे उन्हाळ्यात करून उपयोग नाही. एप्रिलमध्ये सागाचा पाला पापडासारखा कडकडतो आणि मुंग्या खोल मातीत उतरलेल्या असतात. पावसाळा आणि त्यानंतरचा महिनाभर हाच हंगाम.

डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के अल्कोहोल, नुसती ठेवण बघायची तर 70 ते 80 टक्के. आणि प्रत्येक बाटलीच्या आत एक चिठ्ठी. जाड कागद, पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चार दिवसांनी बाटलीत निळसर पाणी आणि कोरा कागद उरतो. चिठ्ठी बाहेर चिकटवली तर ती गळून पडते. चिठ्ठीवर हे लिहायचं :

महाराष्ट्र, जि. जळगाव, ता. यावल, जंगलाचं किंवा गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि 'सागाच्या कुजक्या ओंडक्याखाली' किंवा 'केळीच्या सोपटात' अशी नेमकी जागा.

चिठ्ठी नसलेली मुंगी कितीही देखणी असली तरी अभ्यासाच्या कामाची नाही. ती कुठली, कधीची, कशात राहणारी, हे पुन्हा कुणीच सांगू शकणार नाही.

पुढे मुंगी वाळवून टाचणीवर चढवतात. इवल्या मुंगीला टाचणी टोचली तर तिचे तुकडे होतात. म्हणून कागदाचा छोटा त्रिकोण टाचणीत ओवून त्याच्या टोकावर पाण्यात सुटणाऱ्या डिंकाने ती चिकटवतात. डिंकाचा थेंब मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळाशी. तो जरा मोठा झाला तर कंबर झाकली जाते, आणि कंबर झाकली तर ओळखीची पहिली खूणच गेली.

हद्दीचा दगड

आता मुख्य मुद्दा. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस तमक्याचा बांध. नुसतं 'चांगली काळी जमीन' असं लिहिलं तर खत टिकणार नाही. नव्या जातीचं वर्णनही असंच लिहितात. शेजारच्या प्रत्येक जातीपासून ही कुठे वेगळी होते, हे एकेक करून मांडावं लागतं. निळ्या मुंगीबद्दल 'निळी आहे' एवढंच लिहून भागलं नाही. डोक्याचा काहीसा त्रिकोणी आकार, पाच दातांचा जबडा, हेही नोंदवावं लागलं. भारतात या वंशातली त्याआधीची जात फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने 1902 साली नोंदवली होती, म्हणजे 'शेजारी' सुमारे 120 वर्षं जुना.

चतुःसीमेवरून वाद झाला तर मोजणीवाला हद्दीचा दगड शोधतो. मुंगीच्या जातीलाही असा दगड असतो. वर्णन लिहिताना एकच मुंगी निवडून जाहीर करतात की हे नाव हिच्याशी बांधलं आहे. तिला नामधारक नमुना म्हणू. ती कोणत्या संग्रहालयात ठेवली हे छापावंच लागतं. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो वर्णन वाचून थांबत नाही, ती टाचणी मागवतो आणि मुंगी पुन्हा भिंगाखाली धरतो. आपल्याकडे असे नमुने जपण्याचं मोठं ठिकाण म्हणजे 1916 साली स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे भारतात नवी जात सापडली तर ठरवून दिलेल्या भांडाराला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. यावल किंवा अनेर अभयारण्यात गोळा करायचं असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यायची, मुंगी असली तरी.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि त्यांची सुरुवात लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 1758 च्या ग्रंथापासून धरतात. नाव रोमन लिपीत हवं, आधी कुणी वापरलेलं नको, आणि ते छापून प्रसिद्ध झालं पाहिजे. फक्त ऑनलाइन छापलं असेल तर झूबँक या नोंदवहीत आधी नोंद लागते. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी 'आय', जसं जोशीआय. एकाच जातीला दोघांनी नावं दिली असतील तर सहसा जुनं नाव टिकतं. स्वतःचं नाव देऊ नये असा नियम नाही, पण तसं सहसा कुणी करत नाही.

ॲपने फोटोवरून सांगितलं की!

फोटोवरून जीव ओळखणारं ॲप बहुतेक वेळा वंशापर्यंत नेतं, आणि तेवढी मदतही मोठी आहे. पण त्याच्याकडे आधीच्या फोटोंचाच साठा असतो. ज्या जातीचा फोटोच जगात नाही, तिला ते जवळच्या दुसऱ्या जातीचं नाव देऊन मोकळं होतं. उपयोगी फोटो हवे असतील तर तीन घ्या : समोरून डोकं, बाजूने पूर्ण अंग, आणि वरून. अभ्यासक यातला प्रत्येक फोटो वेगवेगळ्या उंचीवर कित्येक वेळा टिपून एकत्र जोडतात, कारण एवढ्या मोठ्या भिंगाखाली एका वेळी केसाएवढाच थर स्पष्ट दिसतो.

मग डीएनएच का नाही काढत?

काढतात. मुंगीचा एक पाय पुरतो. डीएनए ही चार रासायनिक अक्षरांची लांब माळ; तिच्यातल्या सुमारे 658 अक्षरांच्या एका ठरलेल्या तुकड्याची तुलना करतात. पण तुलना कशाशी? शेदीडशे वर्षांपूर्वीच्या नामधारक नमुन्यांचा डीएनए बहुतेक वेळा उपलब्धच नसतो. शिवाय हा तुकडा फक्त आईकडून येतो, त्यामुळे दोन जातींचा कधीकाळी संकर झाला असेल तर तो फसवतो. डीएनएने शंका जागी होते किंवा बळावते. चतुःसीमा अजूनही मुख्यतः ठेवणीवरच लिहितात.

एक मुंगी पुरे की पूर्ण वारूळ हवं?

एक पुरते, पण धोका मोठा. ब्राझीलमध्ये मॅनॉसजवळ 2003 साली पालापाचोळ्यात एकच फिकट, आंधळी कामकरी मुंगी मिळाली. तिच्यासारखं दुसरं काहीच माहीत नव्हतं, म्हणून 2008 साली तिच्यासाठी अख्खं नवं उपकूळ मांडावं लागलं : मार्शिॲलिस ह्युरेका, 'मंगळावरची' मुंगी. एवढं वेगळेपण असेल तर एकीवर भागतं. नाहीतर गफलत होते, कारण मुंगीच्या एकाच घरात राणी, नर, कामकरी, शिपाई अशी वेगवेगळी रूपं नांदतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारा पंखवाला नर त्याच्या बहिणीसारखा अजिबात दिसत नाही. खुद्द लिनियसने 1764 साली डोरायलस मुंगीच्या नराला गांधीलमाशी समजून नाव दिलं होतं. म्हणून बोर्निओतल्या 'फुटणाऱ्या' मुंगीचं, म्हणजे संकटात स्वतःचं पोट फोडून पिवळा चिकट रस सोडणाऱ्या कोलोबोप्सिस एक्सप्लोडेन्सचं, 2018 चं वर्णन आदर्श वाटतं. त्यात कामकरी, शिपाई, राणी आणि नर चारही रूपं मांडली आहेत.

सदाहरित रानातच इतक्या का?

तिथे जागा जास्त आणि ओल बारमाही. मुळं, पाला, खोड, ढोली, शेंडा, प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड. पेरूच्या जंगलात मुंग्यांचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड विल्सन यांना एकाच झाडावर 26 वंशांतल्या 43 जाती मिळाल्या होत्या, साधारण पूर्ण ब्रिटनमध्ये मिळून असतात तेवढ्या. आपला सातपुडा पानगळीचा. उन्हाळ्यात सावलीच उरत नाही, त्यामुळे संख्या कमी असणार. पण इथल्या मुंग्यांनी रावेर-भुसावळचं पंचेचाळीस अंशांचं ऊन पचवलं आहे, आणि त्यांच्या नोंदी सह्याद्रीच्या मानाने फार थोड्या आहेत. माझ्या मते सातपुड्यातून आलेली साध्याच जातीची नीट चिठ्ठीची बाटली, 'नवी जात' म्हणून फिरणाऱ्या शंभर फोटोंपेक्षा मोलाची आहे.

शेतकऱ्याला याचं काय?

कापसावरच्या पिठ्या ढेकणाचं शास्त्रीय नाव फेनाकोकस सोलेनॉप्सिस. 1898 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत त्याचं पहिलं वर्णन झालं, तेव्हा तो सोलेनॉप्सिस मुंगीच्या वारुळात मिळाला होता, म्हणून हे नाव. तोच किडा पुढे भारतात कापसावर तुटून पडला. त्याचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. केळीवरच्या माव्याचंही तेच. हा मावा पर्णगुच्छाचा विषाणू पसरवतो आणि मुंग्या त्याला राखतात. पण सगळ्याच मुंग्या असं करत नाहीत. काही जाती अळ्या आणि किडींची अंडी खातात. सरसकट भुकटी मारली तर पिकाचे राखणदार आणि किडींचे साथीदार दोघंही मरतात.

म्हणून पिठ्या ढेकणाची किंवा माव्याची फांदी कृषी विज्ञान केंद्रात नेताना त्याच झाडावरच्या आठ-दहा मुंग्याही वेगळ्या छोट्या बाटलीत, अल्कोहोलमध्ये घालून न्या. रांगेत डोकेमोठ्या शिपाई मुंग्या असतील तर त्याही दोन-तीन घ्या. आणि आत चिठ्ठी, पेन्सिलीने : गाव, गट नंबर, पीक, तारीख, मुंगी पानावर होती की बुंध्याशी.